लिस्बन : १७५५च्या अलीकडचं, पलीकडचं

पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहून आलेला माणूस हमखास तीन गोष्टी सांगतो. पिवळी ट्राम, कस्टर्डचे गरमागरम टार्ट आणि नदीकाठचा तो पांढराशुभ्र बुरूज. बाकीची यादीही ठरलेली असते: टेकडीवरचा किल्ला, नदीसमोरचा भव्य चौक, छप्पर नसलेलं चर्च. ही यादी कुठेही मिळते. पण जुनी ठिकाणं शहराच्या एका टोकाला का, मधलं शहर पट्टीने आखल्यासारखं सरळ का, आणि त्याच्या शेजारचं आल्फामा, ही जुनी वस्ती, गुंतलेल्या दोऱ्यासारखी का, हे यादी सांगत नाही. लिस्बनमध्ये कशाहीपुढे उभं राहिलं की एकच प्रश्न विचारावा: हे १७५५च्या आधीचं की नंतरचं?

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, त्यामुळे सकाळी पावणेदहाच्या सुमारास चर्चं माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, जमीन काही मिनिटं हलत राहिली. वाचलेले लोक पडझडीपासून दूर म्हणून नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे पळाले. तेजो नदीचं पाणी आधी मागे हटलं आणि मग लाटा काठावर चढून आल्या. पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पुढे पाचेक दिवस धुमसत होती. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत. सुमारे दोन लाख वस्तीच्या शहरात तीस-चाळीस हजार माणसं गेली, असं साधारण मानलं जातं.

काठावरचा रिबेइरा राजवाडा गेला. सत्तर हजारांच्या आसपास ग्रंथ असलेलं राजाचं ग्रंथालय गेलं. वसंतात उघडलेलं, वर्षही न झालेलं नवंकोरं ऑपेरा हाउस गेलं. भारताच्या सफरींची कितीतरी मूळ कागदपत्रंही तिथेच जळाली. म्हणजे गोवा-कोकणाच्या इतिहासाची काही पानं लिस्बनच्या आगीत गेली, असंच म्हणायचं.

राजा जोसे पहिला वाचला, कारण तो त्या दिवशी पश्चिमेला, बेलेमला होता. बेलेमला धक्का बसला, पण ते कोसळलं नाही. म्हणूनच आज सोळाव्या शतकातलं लिस्बन पाहायला शहराच्या मध्यातून तिकडे जावं लागतं. राजाने मात्र दगडी भिंतींची अशी धास्ती घेतली की पुढचं सगळं आयुष्य आजुडाच्या टेकडीवर तंबूंत आणि लाकडी घरात काढलं. लोक त्या घराला ‘शाही झोपडी’ म्हणत. ती १७९४मध्ये जळाली आणि त्या जागी आजचा आजुडा राजवाडा उभा राहिला.

बेलेमच्याच किनाऱ्यावरून वास्को द गामा १४९७च्या जुलैमध्ये निघाला आणि १४९९मध्ये परतला. राजा मानुएलने तिथे जेरोनिमोस मठाचं काम १५०१च्या सुमारास काढलं, ते शंभरेक वर्षं चाललं. पैसा आला मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. मठाच्या दगडी जाळीत गाठी मारलेले दोरखंड, पोवळी, समुद्री वनस्पती कोरल्या आहेत. ते नाजूक काम बघताना मलबारची मिरी आठवावी. बिल तिनेही भरलंय. आत शिरल्यावर गामाची समाधी आहे. तो मेला कोचीत, १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आधी तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरलेला, १५३९मध्ये पोर्तुगालला आणलेला, आणि जेरोनिमोसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोचलेला.

बेलेमचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळात बांधला. फोटो सगळे समोरून काढतात, पण खरी गंमत एका कोपऱ्याच्या तळाशी आहे. तिथे गेंड्याचं डोकं कोरलंय. पावसा-वाऱ्याने झिजलेलं आहे, आधी सांगितलं नाही तर दिसतही नाही. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा दुसरा याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला होता. अल्बुकर्कने तो गोव्याहून जहाजात चढवून राजाकडे धाडला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. नाव पडलं ‘गंडा’, म्हणजे आपलाच शब्द. रोमन काळानंतर युरोपने गेंडा पाहिलाच नव्हता. राजाने हत्तीशी त्याची झुंज लावली, तर हत्तीनेच पळ काढला. पुढच्या वर्षी पोपला नजराणा म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडात जखडलेला गेंडाही बुडाला. जर्मन चित्रकार ड्युररने त्याचं जगप्रसिद्ध चित्र केलं, ते जनावर न बघता, दुसऱ्याने पाठवलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून.

टार्टची गोष्ट थोडक्यात. १८३४मध्ये सरकारने मठ बंद केले आणि १८३७पासून शेजारच्या दुकानात मठातल्या कृतीचे टार्ट विकायला लागले. कपड्यांना खळ द्यायला अंड्यातलं पांढरं वापरायचे आणि उरलेल्या बलकाचं करायचं काय म्हणून ही मिठाई निघाली, असं सांगतात. त्या दुकानापुढे रांग असते. रांगेपासून काही पावलांवर एक बोळ आहे, तिथे सहसा कोणी जात नाही.

बोळाचं नाव ‘बेकु दु शाऊं साल्गादु’, म्हणजे मीठ पेरलेल्या जमिनीचा बोळ. १७५८च्या सप्टेंबरमध्ये राजा जोसेवर गोळीबार झाला. त्याचा मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेलेला, याने ती संधी साधून सरदारांची ताकद मोडली. १३ जानेवारी १७५९ रोजी बेलेममध्ये ताव्होरा घराण्यातल्या माणसांना आणि आव्हेइरोच्या ड्यूकला हालहाल करून मारलं. त्यांतला ताव्होराचा मार्केस पाचच वर्षांपूर्वीपर्यंत गोव्यात व्हाइसरॉय होता. ड्यूकचा वाडा पाडला, जमिनीत मीठ कालवलं आणि तिथे पाच कडी कोरलेला दगडी खांब उभा केला: या जागी पुन्हा कधीही बांधकाम करू नये. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. खांब अजून आहे. घरं मात्र त्याला अगदी खेटून उभी राहिलीत.

हाच पोंबाल शहराचा दुसरा निर्माता. ‘आता काय करायचं?’ या राजाच्या प्रश्नावर ‘मेलेल्यांना पुरा, जिवंतांना जेवू घाला’ हे उत्तर त्याच्या नावावर सांगतात. ते त्याचं असो वा नसो, वागला तसाच. लुटारूंसाठी फासाचे खांब उभारले. गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ जाणवला, किती घरं पडली, समुद्र आधी चढला की उतरला? भूकंपाकडे देवाचा कोप म्हणून न बघता नोंद करण्याची घटना म्हणून बघायची ही सुरुवातीची मोठी खटपट.

मुख्य अभियंता मानुएल द माया तेव्हा ऐंशीच्या घरातला. त्याने वेगवेगळे पर्याय मांडले. त्यांत शहर जसंच्या तसं उभारणं होतं, आणि ते सोडून बेलेमकडे नवं वसवणंही होतं. शेवटी बायशा, म्हणजे खालचं शहर, पार सपाट करून नव्याने आखायचं ठरलं. इथली जमीन गाळाची, म्हणून पायाखाली लाकडी खुंट ठोकले. प्रत्येक इमारतीच्या भिंतीत लाकडाचा पिंजरा बसवला. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘गायोला’, पिंजराच म्हणतात. आपल्या जुन्या वाड्यांत खांब-तुळयांचा सांगाडा असतो तसंच काहीसं, फक्त इथे चौकटीत तिरक्या फुल्या घातलेल्या. धक्का बसला तर दगड-चुना गळून पडेल, पिंजरा डोलेल पण मोडणार नाही, हा हिशोब. नमुन्याचा सांगाडा चौकात उभा करून सैनिकांना त्याच्याभोवती पाय आपटत कवायत करायला लावली, असं सांगतात. आग पसरू नये म्हणून दोन घरांमधल्या भिंती छपराच्याही वर नेल्या. दारं-खिडक्या ठरावीक मापाच्या, आधीच घडवून आणलेल्या.

रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा, चांदीचा, मुलामा देणाऱ्यांचा. त्यांतला एक ‘रुआ दुश सापातेइरुश’, जोडे शिवणाऱ्यांचा रस्ता. जुन्या मराठीतल्या ‘सपाता’ याच घरातून आल्यात, चावी, पगार, साबण आणि बटाट्याच्या जोडीने.

राजवाड्याच्या जागी झाला प्रासा दु कोमेर्सिउ, व्यापाराचा चौक. नाव मुद्दाम ठेवलेलं: राजाच्या अंगणावर व्यापाऱ्यांचा हक्क. लिस्बनकर मात्र अजून त्याला ‘तेरेइरु दु पासु’, राजवाड्याचं पटांगणच म्हणतात, राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली तरी. मधला घोड्यावरचा राजा जोसे १७७५चा. चौथऱ्यावर पोंबालचा उठावाचा चेहरा होता, तो १७७७मध्ये त्याची सत्ता जाताच काढला आणि १८३३मध्ये परत बसवला. मागची भव्य कमान एकोणिसाव्या शतकातली. तिला भूकंप माहीतच नाही.

सगळं नव्याने बांधलं नाही. टेकडीवरच्या कार्मो मठाच्या चर्चचं छप्पर पडलं ते पडलंच. आज टोकदार कमानींच्या मधून सरळ आभाळ दिसतं. पण लिस्बनमध्ये मला सर्वांत अस्वस्थ करणारी इमारत रोसियु चौकाजवळचं साऊं दोमिंगुश चर्च वाटते. १५०६मध्ये बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल इथूनच सुरू झाली. भूकंपाने ते मोडलं, पुन्हा बांधलं, १९५९च्या आगीत पुन्हा जळलं. दुरुस्ती करताना तडकलेले, काजळलेले खांब तसेच ठेवलेत. जवळच, आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे त्या जागी, इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोही शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या यंत्रणेचा, वाडा होता. गोव्यात तिचं न्यायालय १५६०मध्ये बसलं, ते इथल्याच धर्तीवर.

आणि काही ठिकाणं म्हातारपणाचा मेकअप केलेली आहेत. साऊं जोर्ज किल्ला मुसलमान मूरांचा खरा, ११४७मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेशने घेतला तोही खरा; पण कॅमेऱ्यात येणारे तट-बुरूज बरेचसे १९३८ ते १९४० दरम्यान हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ‘पूर्ववत’ केलेले. १९४०च्या प्रदर्शनासाठी बेलेमला तात्पुरतं उभारलेलं दर्यावर्दींचं स्मारक १९६०मध्ये पक्क्या दगड-काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलं. छप्पन्न मीटर उंच जहाजाच्या नाळेवर तेहतीस माणसं. त्यांत अल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियर आहे. स्मारक झालं आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१मध्ये, गोवा मुक्त झाला.

मुंबईकरांनी आणखी एक फेरी मारावी, आल्फामाच्या वर, साऊं व्हिसेंत द फोरा मठात. ब्रागांझा या पोर्तुगीज राजघराण्याची दफनभूमी इथे आहे आणि तिथे राणी कॅथरीन विसावली आहे. १६६१च्या तहानुसार मुंबई बेट तिच्या हुंड्यात इंग्लंडच्या चार्ल्सला गेलं. त्याने सातच वर्षांत ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. नवऱ्याच्या मागे ती लिस्बनला परतली आणि १७०५मध्ये इथेच वारली, भूकंपाच्या पन्नास वर्षं आधी.

तिने शेवटी पाहिलेलं लिस्बन आजही एका ठिकाणी आहे. माद्रे द देउश मठातल्या अझुलेजु, म्हणजे चित्रित टाइलांच्या, संग्रहालयात साधारण १७०० सालचा, सुमारे तेवीस मीटर लांबीचा निळ्या-पांढऱ्या टाइलांचा पट आहे. पश्चिमेच्या टोकापासून चालत जावं: बेलेम येतं, मग नदीकाठचे वाडे, चर्चं, होड्यांची गर्दी, आणि अखेर पाण्याला लागून उभा असलेला रिबेइरा राजवाडा.