सामुदायिक मानसशास्त्र : पदव्युत्तर शिक्षण आणि व्यवसाय

माणसाचे मानसिक स्वास्थ्य घर, शाळा, वस्ती आणि कामाची जागा यांतून घडते. म्हणून एकट्या व्यक्तीपेक्षा या परिस्थितीत बदल घडवू पाहणारी मानसशास्त्राची शाखा म्हणजे सामुदायिक मानसशास्त्र. मे १९६५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्वॉम्पस्कॉट येथे भरलेल्या परिषदेत या शाखेचा पाया घातला गेला. अमेरिकेतील १९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्यामुळे मनोरुग्णालयाऐवजी वस्तीत उपचारकेंद्रे निघू लागली होती. तिथे काम करणाऱ्यांना शिकवायचे काय, हा परिषदेपुढचा प्रश्न होता. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सेमूर सारासन यांनी समुदायाविषयीच्या आपलेपणाची आणि ज्युलियन रॅपापोर्ट यांनी सक्षमीकरणाची संकल्पना मांडली.

अमेरिकेत एम.ए.ला साधारण २ वर्षे, पीएच.डी.ला ५ ते ६ वर्षे लागतात. डीपॉल, मिशिगन स्टेट, व्हँडरबिल्ट आणि कॅनडातील विल्फ्रिड लॉरिए ही या विषयाची परिचित विद्यापीठे. पीएच.डी.साठी अर्ज करताना विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक काय काम करतात ते आधी पाहावे. विषय जुळला नाही तर चांगले गुण असूनही अर्ज मागे पडतो. भारतात स्वतंत्र पदवी क्वचितच आढळते. बहुतेक ठिकाणी एम.ए.मधला हा एखादा विषय असतो.

संख्याशास्त्र, गरजांची पाहणी, कार्यक्रमाचे मूल्यमापन आणि लोकसहभागी संशोधन हा अभ्यासाचा कणा. खरी परीक्षा क्षेत्रकार्यात होते. गावात बैठक घेतली की सरपंच आणि दोन-चार जाणती मंडळी बोलतात, मागे बसलेल्या बायका गप्प राहतात. त्यामुळे त्यांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीने घ्यावी लागते. ‘घरात कुणाला मानसिक आजार आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामात जीव रमत नाही, असं कुणाला होतं का?’ असे विचारले की लोक बोलू लागतात. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे काम सुरू होण्याआधीची आकडेवारी न घेणे. नंतर कितीही मोजले तरी फरक दाखवता येत नाही.

आधीची मोजणी असली की काय साधते, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात दिसते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. गावातच राहणाऱ्या कार्यकर्त्यांचा त्यात मोठा वाटा होता.

प्रवेशाआधी परवान्याचा प्रश्न मिटवून घ्यावा, कारण फसगत इथेच होते. केवळ या पदवीवर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), म्हणजे रुग्णांची तपासणी आणि उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करता येत नाही. भारतात त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. ज्यांना उपचारही करायचे आहेत त्यांच्यासाठी अमेरिकेत चिकित्सालयीन-सामुदायिक असे जोड अभ्यासक्रम आहेत. ऑस्ट्रेलियात मात्र सामुदायिक मानसशास्त्र हे नोंदणीतले मान्यताप्राप्त कार्यक्षेत्र आहे.

नोकरीच्या जाहिरातीत ‘सामुदायिक मानसशास्त्रज्ञ’ हे पद फारसे दिसत नाही. शोध घ्यायचा तो कार्यक्रम मूल्यमापक, संशोधन सहयोगी, प्रकल्प समन्वयक, प्रशिक्षक या नावांनी. स्वयंसेवी संस्था, सार्वजनिक आरोग्य विभाग, देणगीदार प्रतिष्ठाने आणि विद्यापीठांत. मुलाखतीला पदवीपेक्षा स्वतः केलेला एक मूल्यमापन अहवाल जास्त उपयोगी पडतो, म्हणून क्षेत्रकार्यातच तो पुरा करून ठेवावा.