दोन खिडक्या आणि एक त्रिकोण

लेन्सचं टोपण काढायला विसरलात तरी रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस साधणाऱ्या) कॅमेऱ्यात समोरचं सगळं लख्ख दिसत राहतं. रोल धुऊन कोरा निघाला की मगच चूक कळते. (माझा एक असाच गेला.) कारण आपण लेन्समधून पाहतच नसतो.

डोळा लावायची खिडकी वेगळी, आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरवर आणखी एक बारकी खिडकी. या दुसरीतून आलेली प्रतिमा आत वळून अर्धपारदर्शक आरशावर पडते आणि मुख्य दृश्याच्या मधोमध उजळ ठिपक्यासारखी दिसते. लेन्सचं कडं फिरवलं की ती आडवी सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस साधला. जमीन मोजणाऱ्यांची जुनीच युक्ती ही: दोन खिडक्या आणि समोरची वस्तू यांचा एक त्रिकोण होतो; त्याचा पाया (खिडक्यांमधलं अंतर) ठाऊक असेल आणि कोन मोजता आला, तर वस्तूचं अंतर निघतं. 1932 मध्ये लायका आणि काँटॅक्स या दोन्ही जर्मन कॅमेऱ्यांनी ही मोजणी थेट लेन्सच्या हालचालीशी जोडली.

1954 च्या लायका एम3 मध्ये हा पाया 68.5 मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा. वस्तू 1 मीटरवर असेल तर कोन सुमारे 3.9 अंश, 2 मीटरवर जेमतेम 2. पण 10 मीटरवर तो 0.4 आणि 20 मीटरवर 0.2 अंशांवर येतो. लांबचं मोजताना हे यंत्र चाचपडतं ते यामुळेच. 35 किंवा 50 मिलिमीटरच्या लेन्सला तेवढं पुरतं. 135 मिलिमीटरच्या लेन्सपुढे सहसा कोणी जात नाही.

जुना कॅमेरा हातात आला की लोक आधी लेन्स निरखतात. मी आधी हा त्रिकोण तपासतो. लेन्स अनंतावर ठेवून चंद्राकडे पाहा: दोन चंद्र दिसले तर जुळणी बिघडलेली. मग टेपने 1 मीटर मोजून जवळचंही पाहा. प्रतिमा वरखाली सरकलेली असेल तर डोळ्यांना त्रास होतो, पण अंतर फारसं चुकत नाही. आडवी चूक मात्र प्रत्येक फोटोत उतरते. मधला ठिपका फिका पडला असेल, तर मुख्य खिडकीच्या बाहेरून मध्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा चिकटवावा. त्या भागात मुख्य दृश्य अंधारतं आणि ठिपका उठून दिसतो.

बाकीचं झटपट. 1 सेकंदाचा शटर अडखळत असेल तर आतलं वंगण घट्ट झालंय. लेन्समागून टॉर्च मारली की बुरशीचे धागे दिसतात; बारीक ओरखड्यांनी सहसा फार बिघडत नाही. कॅमेऱ्यातल्या बऱ्याच जुन्या प्रकाशमापक मीटरांना 1.35 व्होल्टचा पारायुक्त सेल लागायचा, तो आता बंद झालाय. 1.5 व्होल्टचा घातला की अनेक मीटर प्रकाश जास्त दाखवतात आणि फोटो काळवंडतात. 1.4 व्होल्टचा श्रवणयंत्राचा झिंक-एअर सेल त्यामानाने बरा.

वापरताना दोन गोष्टी. जवळून फोटो काढताना खिडकीतली आणि लेन्सची चौकट जुळत नाही, तेव्हा कडेला थोडी जागा सोडा. रोल पुढे ओढताना रिवाइंडचं बटण फिरतंय ना, तेही पाहा; फिरत नसेल तर फिल्म बहुधा नीट लागलेलीच नाही.

आणि कापडी शटर असेल तर उन्हापासून जपा. इथे लेन्स आणि शटरच्या मध्ये आरसा नाही. लेन्स भिंगासारखी सूर्य थेट कापडावर एकवटते आणि त्याला भोक पाडते. म्हणजे टोपण लावायलाच हवं.