‘परत उलटेल का?’ : कर्करोगानंतर उरणाऱ्या भीतीची पार्श्वभूमी

कर्करोगाचे उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, वर्षे उलटली, तरी आजार परत उलटेल ही धास्ती मनात राहते. ती रुग्णांना नेहमीच ठाऊक असणार; मात्र वैद्यकशास्त्राने तिची स्वतंत्र दखल घेतली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. उपचारांनंतर दीर्घकाळ जगणारे रुग्ण आधी थोडे होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की अनेकांना आपला आजार कोणता हेच सांगितले जात नसे. शिकागोच्या एका रुग्णालयातील २१९ डॉक्टरांची पाहणी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे निघाले. आपल्याला काय झाले होते हेच ज्याला माहीत नाही, त्याने ते परत होण्याची भीती कोणाजवळ बोलून दाखवावी? ‘आईला कळू देऊ नका’ असे डॉक्टरांना बजावणारी कुटुंबे महाराष्ट्रात आजही आहेत, त्यामुळे हा इतिहास आपल्यासाठी फार लांबचा नाही.

बालकर्करोगाच्या उपचारांना यश येऊ लागल्यावर बरी झालेली मुले मोठी होऊ लागली. अशा मुलांचा व त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास करून जेराल्ड कूचर आणि जॉन ओ’मॅली यांनी १९८१ मध्ये त्यांच्या मनःस्थितीला ‘डॅमोक्लिस सिंड्रोम’ म्हटले. ग्रीक कथेतील डॅमोक्लिसच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने टांगलेली तलवार असते, आणि समोरची मेजवानी त्याला गोड लागत नाही.

त्यानंतरचे महत्त्वाचे लेखन एका डॉक्टरनेच केले. फिट्झह्यू मुलन यांना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी छातीत कर्करोग झाला होता. १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात त्यांनी उपचारानंतरच्या आयुष्याचे टप्पे मांडले आणि मधल्या, लांबलेल्या टप्प्यावर पुनरुद्भवाच्या भीतीचेच राज्य असते, असे नोंदवले. रुग्ण एक तर बरा झाला किंवा दगावला, या दोन खान्यांपलीकडेही काही असते, हे त्यांनी अधिकारवाणीने सांगितले. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे होते.

‘पाच वर्षे निघाली म्हणजे सुटलो’ ही समजूत मात्र टिकून राहिली. पाच वर्षांचे जगणे हे यश मोजण्याचे सोयीचे माप होते. रुग्णांनी ते आश्वासन म्हणून ऐकले. काही कर्करोगांत ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. स्तनाच्या संप्रेरक-संवेदनशील, म्हणजे शरीरातील हार्मोन्समुळे वाढणाऱ्या, कर्करोगात तसे नाही. अशा सुमारे ६३ हजार स्त्रियांच्या माहितीचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते की, पाच वर्षांची गोळ्यांची उपचारमालिका संपल्यानंतरही विसाव्या वर्षापर्यंत आजार शरीरात दूरवर उद्भवत राहतो. मूळ गाठ किती मोठी व किती आक्रमक होती आणि काखेतील किती गाठींत आजार पोहोचला होता यानुसार हा धोका साधारण १० ते ४१ टक्के होता. म्हणून बाराव्या वर्षी पाठीत कळ आल्यावर घाबरणाऱ्या बाईला ‘उगीच मनाचे खेळ’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

अधिक तपासण्या केल्या तर जीव वाचतील आणि मनही निश्चिंत होईल, अशी एक आशा होती. १९९४ मध्ये इटलीतील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले की, लक्षणे नसताना नियमित हाडांचे स्कॅन व छातीचे एक्स-रे काढल्याने स्तनाच्या कर्करोगानंतरचे आयुर्मान वाढत नाही. आणि मनाचे म्हणाल, तर नॉर्मल रिपोर्टने मिळालेला दिलासा पुढच्या तपासणीची तारीख जवळ येताच विरू लागतो, हे फॉलो-अपच्या रांगेत बसलेले कोणीही सांगेल.

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९१ मध्ये, बालपणी कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी उपचारोत्तर क्लिनिक सुरू केले. शारीरिक दुष्परिणामांबरोबर मन, शिक्षण आणि नोकरी यांचाही विचार तिथे होऊ लागला. प्रौढ रुग्णांच्या पाच मिनिटांच्या भेटीत मात्र हा विषय सहसा निघत नाही.

२०१३ मध्ये १३० शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ही भीती काळानुसार आपोआप ओसरत नाही आणि तरुण रुग्णांत ती अधिक असते, असे आढळले. २०१५ मध्ये कॅनडात ओटावा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तिची व्याख्या ठरवली : कर्करोग परत येण्याच्या किंवा वाढण्याच्या शक्यतेविषयीची भीती, काळजी किंवा चिंता. पुढे ऑस्ट्रेलियात २२२ जणांवर झालेल्या चाचणीत पाच सत्रांच्या मानसोपचाराने ही भीती केवळ शिथिलीकरणाच्या सत्रांपेक्षा अधिक कमी झाली. या उपचाराचा रोख विचार थोपवण्यावर नसतो. ते आले तरी त्यांच्यामागे न जाता लक्ष वळवता यावे, यावर असतो. मात्र उपचार संपून पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्यांना त्या चाचणीत घेतले नव्हते. विसाव्या वर्षापर्यंत धोका वाहणाऱ्या स्त्रियांसाठी तसा अभ्यास व्हायला हवा, आणि तो मराठीतून बोलणाऱ्या समुपदेशकांच्या मदतीने आपल्या जिल्हा रुग्णालयांतही करता येण्याजोगा आहे.