मुंबई–दिल्ली हवाई अंतर व उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील हवाई अंतर सुमारे १,१४० किमी., म्हणजे साधारण ६१५ सागरी मैल आहे. पृथ्वीच्या गोल पृष्ठावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत लहान वाटेने, म्हणजे बृहद्‌वृत्ताच्या कंसावर, हे अंतर मोजले जाते. सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा असा जाणारा लोहमार्ग याच दोन शहरांसाठी सुमारे १,३८५ किमी. पडतो, कारण तो वडोदऱ्यापर्यंत किनाऱ्याच्या अंगाने उत्तरेस जाऊन मग ईशान्येकडे वळतो, तर हवाई रेषा दाहोद व रतलाम यांच्या मधून निघून जयपूरच्या पूर्वेकडून दिल्लीस पोहोचते. प्रत्यक्षात विमान ही रेषा तंतोतंत पाळत नाही. ठरवून दिलेले हवाई मार्ग, लष्करी वापरासाठी राखीव आकाश आणि धावपट्टीच्या दिशेनुसार घ्यावी लागणारी वळणे यांमुळे कापलेले अंतर थोडे वाढतेच.

ताशी सुमारे ८३० किमी. या वेगाने १,१४० किमी. अंतर दीड तासाच्या आत संपायला हवे. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. यात लबाडी नाही. वेळापत्रकातील काळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो, आणि त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणासाठी रांगेत थांबणे, चढण, उतरण व उतरल्यानंतरचा जमिनीवरचा प्रवास हे सर्व धरलेले असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी उतरू पाहणाऱ्या विमानांना हवेत घिरट्या घालाव्या लागतात. दिल्लीस चार धावपट्ट्या आहेत, पण तेथे डिसेंबर–जानेवारीतील धुके वेळापत्रक विस्कटते. अशा विलंबांची तरतूद कंपन्या आधीच करून ठेवतात, म्हणून उशिरा निघालेले विमानही कित्येकदा वेळेवर पोहोचलेले दिसते.

वाऱ्याचा परिणाम या मार्गावर बेताचाच होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा दिल्लीकडे जाणाऱ्या विमानास बहुतांशी आडवा लागतो. त्याचा लहानसा अंशच पाठीमागून मिळतो आणि परतीच्या वाटेवर तोच विरोधात जातो. मुंबई–लंडन या सुमारे ७,२०० किमी.च्या मार्गावर मात्र हाच पश्चिमवारा लंडनकडे जाताना प्रवास लांबवतो, आणि जाण्यायेण्याच्या उड्डाणकाळांत ठळक फरक पडतो. तेथे तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकीही फसवी ठरते, कारण भारतीय वेळ लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असते.