लस टोचलेला दंड सुजला, तर पेनाने रेघ काढा

लशीनंतर दंड लाल होऊन सुजला की घरात पहिली शंका सुईवर जाते. बहुतेक वेळा सुईचा काही दोष नसतो. सूज किती मोठी आहे, यापेक्षा ती कधी आली आणि वाढते आहे की उतरते आहे, हे पाहायला हवं.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लशीत (डीपीटी) ॲल्युमिनियमचा क्षार मुद्दाम घातलेला असतो. तो टोचल्या जागी दाह निर्माण करतो आणि त्यामुळे रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात. दुखणं, लाली, गरमपणा काही तासांत सुरू होतो, एक-दोन दिवस वाढतो आणि तिसऱ्या दिवसापासून उतरू लागतो. वाटाण्याएवढी टणक गाठ मात्र काही आठवडे हाताला लागू शकते. ती चोळू नये, शेकू नये. पाचव्या-सहाव्या वर्षी दंडात देतात त्या डीपीटी बूस्टरनंतर क्वचित खांद्यापासून कोपरापर्यंत हात सुजतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण मूल बहुधा त्याच हाताने खेळत असतं आणि काही दिवसांत सूज आपोआप जाते.

आपल्याकडे खिळा लागला, पत्रा कापला की लगेच 'टीटी', म्हणजे धनुर्वाताची लस घेतात. थोड्या थोड्या वर्षांनी असे डोस घेतले, तर रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आधीच भरपूर असतात. नव्या लशीशी त्यांचे पुंजके होऊन बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात आणि ४ ते १२ तासांत दंड टम्म फुगतो. सुरुवातीचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसनंतर १० वर्षं आणि माती-शेणाने माखलेल्या किंवा खोल जखमेसाठी ५ वर्षं पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही. म्हणून प्रत्येक डोसची तारीख लिहून ठेवावी.

खरा जंतुसंसर्ग वेगळा वागतो. स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस हे त्वचेवरचे जंतू आत शिरले, तर त्यांना वाढायला वेळ लागतो. त्यामुळे सहसा इतर सूज उतरायच्या सुमारास ही सूज चढू लागते. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ काढा आणि शेजारी वेळ लिहा. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने गरमपणा आणि बोटांनी कडकपणा तपासून कड ठरवा. तिसऱ्या दिवसानंतरही कड रेघेबाहेर सरकत असेल, ठणका वाढत असेल, नव्याने ताप आला असेल, काखेकडे लाल रेषा जात असेल किंवा पू दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्वचेखाली पसरणाऱ्या संसर्गाला प्रतिजैविक लागतं. गळू झालं असेल तर पू काढावाच लागतो, कारण पुवाच्या पिशवीत औषध नीट पोचत नाही. घरी दाबून पू काढू नये. वेदना असह्य असेल, त्वचा जांभळी-काळी पडत असेल किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर रेघेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

जंतूंशिवायही गळू होतं. सुई स्नायूपर्यंत न जाता चरबीत राहिली, बाटली नीट हलवली नाही किंवा लस गोठून क्षाराच्या गुठळ्या झाल्या, तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तिथे मऊ गाठ येते. बहुधा ताप नसतो.

बाटलीच दूषित असेल तर काय होतं, हे १९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्ग गावात दिसलं. घटसर्पाच्या लशीच्या अनेक डोसांच्या बाटलीत जंतुरोधक नव्हतं आणि तिच्यात स्टॅफिलोकोकस वाढला. टोचलेल्या २१ मुलांपैकी १२ दगावली. बीसीजी (क्षयरोगावरची) आणि गोवर-रुबेलाची विरघळवलेली लस ४ तासांनंतर वापरत नाहीत, ती याच धोक्यामुळे.

बीसीजीचा प्रकार मात्र निराळा आहे. डाव्या दंडावर दोन-तीन आठवड्यांनी पुळी येते, ती फुटते आणि व्रण ठेवून भरते. तिथे हळद, मलम काही लावू नये. जागा कोरडी ठेवावी. काखेत मोठं अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं तरच दाखवावं.

इतर कोणत्याही लशीच्या जागी पू झाला, तर लसीकरण केंद्रात कार्ड घेऊन जाऊन नोंद करायला सांगा. त्याच बाटलीतून आणखी कोणाला टोचलं होतं, हे त्या नोंदीवरून शोधता येतं.