बायकोचं अर्लपद आणि विधवेचा तिसरा हिस्सा

मध्ययुगीन इंग्लंडच्या सरदारांबद्दल वाचताना ‘लग्नामुळे आलेली जमीन’ सारखी भेटते. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: वारसदार मुलीची माहेरची इस्टेट आणि विधवेचा ‘डावर’. (हुंडा माहेरून यायचा, डावर मात्र सासरच्या जमिनीतून.)

डावर म्हणजे ढोबळमानाने नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता. ती गेली की जमीन परत नवऱ्याच्या वारसाकडे. विधवेला तो विनामूल्य आणि चाळीस दिवसांत मिळावा, हे १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेतच आहे.

हयातीपुरता म्हणजे किरकोळ, असं मात्र नाही. नॉरफोकचा ड्यूक जॉन मोब्रे १४३२ मध्ये वारला. त्याच्या विधवेने, कॅथरीन नेव्हिलने, डावर आणि लग्नाच्या वेळी तिच्या नावे करून दिलेली जमीन पुढे अर्धं शतक सोडली नाही. १४६१ मध्ये मुलगा गेला, १४७६ मध्ये नातू, १४८१ मध्ये पणती. म्हातारी खमकी, १४८३ मध्येही हयात! मधल्या काळात साठी ओलांडल्यावर विशीतल्या जॉन वुडव्हिलशी चौथं लग्नही करून झालं. तोवर नॉरफोकच्या ड्यूकांना उरलेल्या जमिनीवरच भागवावं लागलं.

वारशाचं तसं नाही. ती इस्टेट बाईची स्वतःची, पुढे तिच्याच मुलांची. नवरा तिच्या हक्काने कारभार पाहतो, पदवीही लावतो. मूल जिवंत जन्मलं असेल, तर बायको गेल्यावरही तिची सगळी जमीन त्याच्याकडे मरेपर्यंत राहते. विधवेला तिसरा हिस्सा, विधुराला अख्खी इस्टेट. कायदा कोणी केला ते सांगायला नको.

‘किंगमेकर’ म्हणून गाजलेला रिचर्ड नेव्हिल १४४९ मध्ये वॉरिकचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) झाला तो बायकोमुळे, ॲन बोशॉंमुळे. वॉरिकची इस्टेट तिच्या भावाची होती; तो १४४६ मध्ये वारला, १४४९ मध्ये त्याची लहानगी मुलगीही गेली. ॲनला थोरल्या सावत्र बहिणी होत्या, पण भावाच्या वारशात कायदा सख्खीलाच मानायचा. गंमत म्हणजे रिचर्डचे वडीलही बायकोच्याच हक्काने सॉल्झबरीचे अर्ल झाले होते.

दोन्हींतला फरक खरा उघडा पडतो तो नवरा राजद्रोही ठरला की. डावर बुडतो, कारण जमीन नवऱ्याची. बायकोचा वारसा शाबूत राहतो. एप्रिल १४७१ मध्ये वॉरिक, म्हणजे हाच किंगमेकर, बार्नेटच्या लढाईत चौथ्या एडवर्ड राजाविरुद्ध लढताना पडला, तरी बोशॉं इस्टेट ॲनचीच होती. अडचण झाली ती जावयांची. क्लॅरेन्स आणि ग्लॉस्टरचे ड्यूक हे दोघे राजाचे सख्खे भाऊ, आणि सासू तर धडधाकट. राजाकडून बक्षीस मिळालेली जप्तीची जमीन उद्या काढूनही घेतली जाऊ शकते, वारशाची पक्की. म्हणून वॉरिकवर द्रोहाचा ठपका ठेवणंच टाळलं. ब्यूलीच्या मठात आसरा घेतलेल्या ॲनने लेखनिक नाही म्हणून स्वतःच्या हाताने अर्ज खरडले. उपयोग झाला नाही. १४७४ मध्ये संसदेने कायदा केला: ती मेलीच आहे असं धरून तिच्या जमिनी मुली आणि जावयांत वाटाव्यात.

१४८७ मध्ये सातव्या हेन्रीने तिला सगळं परत दिलं आणि लगोलग तिच्याकडून ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. तशी सही करायला मालकीण तीच लागत होती.