हेइआन शोदान आणि पिनान शोदान: क्रमांक एक, काते दोन

पुण्या-मुंबईत कराटेच्या शोतोकान आणि शितो-ऱ्यू या दोन्ही शैलींचे क्लास आहेत. शोतोकानमध्ये शिकलेलं मूल दुसऱ्या शैलीच्या क्लासमध्ये गेलं की पहिल्याच आठवड्यात हा घोळ होतो. सेन्सेई (शिक्षक) 'पिनान शोदान' हा काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, पुकारतात, बाकीचे दोन्ही हात वर नेतात आणि हे मूल डावीकडे वळून खालचा अडवा घालतं. त्याचं चुकलेलं नसतं. शोदान म्हणजे पहिला, निदान म्हणजे दुसरा. शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजेच शितो-ऱ्यू आणि वादो-ऱ्यूमधला पिनान निदान, आणि त्यांचा पिनान शोदान म्हणजे शोतोकानचा हेइआन निदान. पुढचे सानदान, योनदान, गोदान (तिसरा, चौथा, पाचवा) क्रमाने जुळतात. अदलाबदल फक्त पहिल्या दोघांची.

ही पाच कात्यांची मालिका आन्को इतोसु (१८३१–१९१५) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ओकिनावातल्या शाळांत कराटे शिकवायला घेतलं तेव्हा बसवली. नाव लिहायची दोन अक्षरं चिनी. चिनी उच्चार पिंग-आन, ओकिनावात तो पिनान झाला, आणि त्याच अक्षरांचं जपानी वाचन हेइआन. अर्थ शांतता, सुखरूपपणा. इतोसुंचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले. त्या वर्षीच्या त्यांच्या पुस्तकात पिनान हीच नावं आहेत. १९३५ च्या पुस्तकात ती हेइआन झालेली दिसतात. पिनान निदान हा काता नवख्यांना सोपा जातो म्हणून त्यांनी तो पहिला केला. हा निर्णय योग्यच होता: पिनान नाव आणि जुने क्रमांक जपणाऱ्या अनेक क्लासमध्येही आधी निदान शिकवतात, शोदान नंतर.

नुसत्या नावावरून ओळखायला जाल तर क्योकुशिन ही शैली फसवेल. तिथे नाव पिनान, पण क्रम शोतोकानचा. म्हणून काता ओळखायचा तो पहिल्या हालचालीवरून. पहिल्याच वळणावर दोन्ही हात एकदम वर गेले, एक हात बाजूला उभा आणि दुसरा कपाळासमोर, तर तो हेइआन निदान किंवा पिनान शोदान. एकच हात कामाला लागला आणि पुढच्या पावलावर सरळ ठोसा आला, तर दुसरा काता.

शोतोकानचा हेइआन शोदान २१ मोजांचा, म्हणजे मोजून करायच्या हालचालींचा. डावीकडे गेदान-बराई (खालचा अडवा), उजवा पाय पुढे टाकून ओई-झुकी (सरळ ठोसा), १८० अंश वळून पुन्हा गेदान-बराई, मग पकडलेलं मनगट सोडवून वरून मुठीचा घाव. मधल्या रेषेवर तीन आगे-उके (वरचा अडवा), नवव्या मोजेवर किआई (जोरदार आरोळी). परतीच्या वाटेवर तीन ओई-झुकी, सतराव्यावर दुसरी किआई. शेवटी कोकुत्सु-दाचीत (वजन मागच्या पायावर ठेवलेल्या पवित्र्यात) चार शुतो-उके (उघड्या हाताच्या कडेने अडवा).

नवख्यांची गाडी अडते ती पहिल्या किआईनंतरच्या २७० अंशांच्या वळणावर. उजवा पाय पुढे रोवलेला, डावा मागून फिरवून आणायचा. तो उजव्या पायाच्या रेषेत येऊन थांबला तर दोन्ही पावलं एका दोरीवर येतात आणि गेदान-बराई घालताना शरीर डुलतं. डावा पाय ती रेषा ओलांडून कंबरेच्या रुंदीइतका पलीकडे पडला पाहिजे. दुसरी चूक शेवटच्या चार शुतोंत: झेन्कुत्सुची (पुढे झुकत्या लांब पवित्र्याची) सवय असल्याने वजन पुढच्या पायावर सांडतं. कोकुत्सुत साधारण ७० टक्के वजन मागच्या पायावर हवं.

शितो-ऱ्यूचा पिनान निदान याच नकाशावर चालतो, पण सुरुवात नेकोआशी-दाचीत (मांजरासारख्या आखूड पवित्र्यात) तेत्सुईने, म्हणजे मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने. पावलं आखूड, मोतो-दाची या पवित्र्याची. शेवटी शुतो-उकेऐवजी शिको-दाचीत (रुंद, बसक्या पवित्र्यात) खाली हात. आमच्या मते शैली बदलणाऱ्याला सगळ्यात कठीण जातो तो हाच काता. वळणं तीच असल्याने शरीर आपोआप जुन्या लांब पावलावर जातं. त्यामुळे सुरुवातीपासून घोकू नका. शेवटच्या चार हालचाली आधी बसवा, मग पहिल्या दोन, आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. पहिले काही दिवस हात कंबरेवर ठेवून नुसते पायच चालवा.

हेइआन निदान २६ मोजांचा, आणि त्यात नवं बरंच आहे. पहिल्या सहा हालचाली म्हणजे तीन डावीकडे आणि त्याच तीन उजवीकडे. सातव्या मोजेला शोतोकानमध्ये बाजूला योको-गेरी केआगे ही लाथ येते. शितो-ऱ्यूत त्या जागी समोरची माए-गेरी असते. इथे बहुतेकांचा टेकलेला पाय सरळ होतो आणि लाथ मारताना शरीर मागे झुकतं. तो गुडघा वाकलेलाच राहू द्या. पुढे तीन शुतो-उके आणि अकराव्या मोजेला नुकिते (बोटांच्या टोकांचा वार), किआईसह. परतीला उजवा उचि-उके (मधल्या उंचीचा अडवा), माए-गेरी, ग्याकु-झुकी (मागच्या हाताचा ठोसा), मग तेच डावीकडून. या उचि-उकेत पुढचा पाय आणि पुढचा हात उलट बाजूंचे असतात, त्यामुळे कंबर नेहमीच्या अडव्यापेक्षा जास्त फिरवावी लागते. ती अर्धवट फिरली की पुढच्या ग्याकु-झुकीत जोर उरत नाही.

ग्रेडिंगचा (पट्ट्याच्या परीक्षेचा) फॉर्म भरताना कात्याच्या नावाशेजारी शैली लिहा. स्पर्धेत नाव पुकारण्याआधी पहिली हालचाल मनात आणा.